काकूजींचा दोरा

परवा माझ्या मुलीला मालिश करायला सीपरी बाजारातून एक बाई आली. स्कूटीवरून आली, चप्पल बाहेर काढली, गोड हसली. पिशवीतून तेलाची बाटली काढून तिने मुलीचा पाय मांडीवर घेतला आणि तळहातावर तेल ओतणार, तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, "रुकिए. पहले धागा."

बाई थांबली. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली माझी मुलगी माझ्याकडे बघायला लागली. तिला मराठी सगळं समजतं, पण बोलायला तोंड उघडलं की हिंदीच बाहेर येते. आमच्या झाशीतल्या बहुतेक मराठी घरांत आता असंच आहे. "मम्मी, कौनसा धागा?"

मी शिवणाच्या डब्यातून पांढरा दोरा आणला. गुडघ्याखाली चार बोटं सोडून तिच्या उजव्या पोटरीभोवती गुंडाळला, जिथे टोक जुळलं तिथे गाठ मारली. मग तोच दोरा डाव्या पोटरीभोवती नेला. गाठ बरोब्बर जागेवर आली. म्हटलं, "अब कीजिए."

बाई म्हणाली, "हमारे यहाँ भी नजर का धागा करते हैं, आंटी." मी मान हलवली. दोरा नजरेचा नाही, हे सांगायचं तर काकूजींची सगळी गोष्ट सांगावी लागली असती, आणि ती एका मालिशीत संपणारी नाही. बाई गेल्यावर मुलीने विचारलंच. तेव्हा तिला थोडं सांगितलं. बाकीचं इथे लिहिते आहे.

काकूजी म्हणजे आमच्या नगरा मोहल्ल्यातल्या शेजारीण. 'काकू' आपली मराठी आणि 'जी' इथलं. खरं नाव द्वारका, पण त्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. मी सोलापूरहून लग्न होऊन आले तेव्हा त्या पन्नाशीच्या पुढे होत्या. यजमान रेल्वेत होते, ते कधीच वारलेले. घरात एकट्या. बुटक्या, रुंद, साडी वर खोचलेली, आणि गालात कायम एक लवंग. हात मात्र असे मोठे की वाटावं, कुणा पैलवानाचे उसने आणलेत. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "काए सोलापूर, भाकरी येते की नुसती चटणीच?" तेव्हापासून माझं नाव सोलापूर पडलं ते पडलंच.

त्यांचं घराणं पेशव्यांच्या काळात देवळातल्या पूजेसाठी इकडे आलेलं. त्यांना त्याचा अभिमान होता, आणि तो बोलण्यातून ठिबकत असायचा. काळाचे त्यांच्या लेखी दोनच भाग. एक गदरच्या, म्हणजे सत्तावनच्या बंडाच्या, आधीचा, दुसरा नंतरचा. गदरच्या आधीचं ते सगळं अस्सल. "हा काढा गदरच्या आधीचा आहे, गुमान पी." "ही लाडूंची रीत गदरच्या आधीची. त्यात तुझं काजू-बिजू घालू नकोस." एकदा माझ्या नवऱ्याने विचारलं, "काकूजी, गदरच्या धामधुमीत तुमच्या पणजीने लाडूंची रीत कशी सांभाळली?" त्या म्हणाल्या, "डोक्यात. डोकं शाबूत राहिलं होतं तिचं. सगळ्यांचं राहतंच असं नाही."

त्यांचं खरं काम बाळंतिणीची सेवा. मालिश, धुरी, काढे, पोट बांधणं. धंदा म्हणून नाही. नगऱ्यात कुणाचं बाळंतपण झालं की, मराठी असो की बुंदेली, त्या जायच्याच. बोलावलं नाही तरी जायच्या, आणि उलट विचारायच्या, "बोलावणं विसरलात का?" लाडू वळले जात असतील तर पहिला त्यांनी चाखायचा आणि सुंठ कमी पडली म्हणायचं. सुंठ कितीही घाला, त्यांच्या जिभेला ती कमीच पडायची.

माझ्या आईचं तेव्हा पाठीचं दुखणं होतं. म्हणून पहिलं बाळंतपण माहेरी न होता इथेच झालं. भर जानेवारी. दवाखान्यातून घरी आले तेव्हा टाक्यांनी बसवत नव्हतं, कंबर मोडून आली होती, आणि छाती दगडासारखी. मला रडू येत होतं आणि का येतंय ते सांगता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूजी आल्या त्याच मुळी घराचा ताबा घेतल्यासारख्या. सासूबाईंनी शेजारणींच्या सांगण्यावरून चरुआ ठेवला होता, म्हणजे मातीच्या मडक्यात औषधी घालून बाळंतिणीसाठी उकळलेलं पाणी. त्यात काकूजींनी आपला बाळंतशेपा आणि ओवा टाकला. म्हणाल्या, "मडकं बुंदेली, मसाला मराठी. पोटाला कुठे भाषा कळते?"

टाक्यांसाठी मला टबात कोमट मिठाच्या पाण्यात बसवायच्या आणि बाहेर दाराशी स्वतः पहारा द्यायच्या. छातीसाठी त्यांनी माझ्या नवऱ्याला कोबी आणायला पिटाळलं. तो बिचारा फुलगोबी घेऊन आला. काकूजींनी ती त्याच्या हातात परत ठेवली. "याची भाजी कर आणि तूच खा. मला पत्ता पाहिजे, पत्ता. पानं." मग तो पुन्हा सायकल काढून सीपरी बाजारात गेला. थंड पाण्यात बुडवलेली ती पानं छातीवर ठेवली तेव्हा मला पहिल्यांदा झोप लागली. हे गदरच्या आधीचं का, असं विचारलं तर म्हणाल्या, "नाही, हे दवाखान्यातल्या मद्रासी नर्सचं. चांगलं असेल तर घ्यावं गं, लाज कसली."

मालिशीला हात लावण्याआधी त्यांची एक उलटतपासणी असे. उलट्या हाताने कपाळ बघायच्या. अंगावरून किती जातंय, वास येतो का, चालताना धाप लागते का, पोटात कळ येते का. एका जरी उत्तराला मी अडखळले की तेलाची वाटी खाली. एकदा मला थोडी कणकण होती. त्यांनी सरळ साडीला हात पुसले. "चल दवाखान्यात. मी तेलवाली आहे, डॉक्टरीण नाही. जिसका काम उसी को साजे." सासूबाई म्हणाल्या, एवढ्याशा तापाला कशाला, ओव्याची धुरी द्या. काकूजींनी त्यांच्याकडे असं काही बघितलं की सासूबाईच माझी शाल शोधायला गेल्या.

आणखी एक होतं. त्यांच्या सेवेत सगळं असे, फक्त शेगडी नसे. बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून शेक देण्याची आपली जुनी रीत. थंडीचे दिवस म्हणून सासूबाईंनी शेगडी काढून पुसून ठेवली होती. काकूजींनी ती मागच्या अंगणात नेऊन ठेवली. "झाशीचं ऊन पुरे नाही का?" जानेवारीत झाशीचं ऊन म्हणजे दर्शनापुरतं. पण त्यांच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती.

आणि तो दोरा. रोज, न चुकता, मालिशीच्या आधी. ओठ मिटून, डोळे बारीक करून पोटऱ्या मोजायच्या. मग तो दोरा बाजेच्या पायाला बांधून टाकायच्या. सासूबाई त्या वेळी हात जोडत. सगळ्या नगऱ्याला तो काकूजींचा तोटका वाटायचा, बाळंतिणीवरची नजर उतरवणारा. मी एकदा गमतीने विचारलं, "हा दोरा तर नक्कीच गदरच्या आधीचा असेल?"

त्या गाठ मारत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "नाही. हा माझा आहे."

त्यांच्या तोंडाचा पट्टा असा एकदम थांबलेला मी कधी पाहिला नव्हता. पुन्हा विचारलं नाही.

आमच्या मागच्या गल्लीत टेंपो चालवणाऱ्याची बायको होती, पुष्पा. वीस-एकवीस वर्षांची असेल. तिचं पहिलं मूल पोटातच गेलं. दवाखान्यातून रिकाम्या हातांनी घरी आली आणि तिला मागच्या खोलीत निजवलं गेलं. चरुआ नाही, सुंठ नाही, मालिशीला कुणी नाही. काकूजींना हे कळलं तशा त्या तेलाची वाटी घेऊन निघाल्या. मी त्यांच्याबरोबर होते. पुष्पाची सासू दारातच बसली होती. ती काही दुष्ट बाई नव्हती, रडून रडून तिचेही डोळे सुजले होते. म्हणाली, "अब काए की सोंठ, काए को चरुआ, काकूजी. गोद तौ खाली है."

काकूजी म्हणाल्या, "बच्चा गया है अम्मा, जचकी तो हुई है न?"

आणि आत गेल्या. पुष्पा भिंतीकडे तोंड करून पडली होती. काकूजींनी तिला सगळं विचारलं, दोरा लावला, पाठीपासून सुरुवात केली. मूल नाही तरी दूध आलं होतं. काकूजींनी पानं मागवली, छाती जुन्या मऊ धोतराने हलकेच बांधून दिली. पोटावर हात ठेवला तेव्हा मात्र त्या पोरीला हुंदका फुटला. दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं तिने, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून. काकूजींनी ते हात बाजूला केले. "रो ले बिन्नू, रो ले बिटिया. आवाज से रो ले. ये भी दवाई है."

ती रडत राहिली आणि काकूजी चोळत राहिल्या. सव्वा महिना रोज गेल्या त्या तिच्याकडे. सव्वा महिना झाल्यावर बाळंतिणीला लक्ष्मी ताल या तळ्याकाठच्या महालक्ष्मीच्या दर्शनाला न्यायची आमची पद्धत. पुष्पाला कोण नेणार? काकूजींनी नेलं. नवी साडी नेसवून, ओटी भरून, तिच्याच नवऱ्याच्या टेंपोतून. माझ्या आयुष्यात मी बरीच धार्मिक माणसं पाहिली, पण दुसऱ्याला अशा देवळाच्या पायऱ्या चढवणारं कुणी पाहिलं नाही. पहिल्या दिवशी पुष्पाकडून परत आल्यावर काकूजी आमच्या नळावर हात धूत बसल्या होत्या. किती तरी वेळ. तेल केव्हाच निघालं होतं.

काकूजींकडे दर दिवाळीला भोपाळहून एक गृहस्थ येत. उंच, सभ्य, कमी बोलणारे. बरोबर एक लहान मुलगी असायची, गौरी. ती काकूजींच्या घरात धुमाकूळ घालायची, डबे उघडून चकल्या खायची. हे गृहस्थ मात्र बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून असत. "काकूजी, तब्येत कशी आहे? काकूजी, छप्पर नीट करून घेतलं का?" चहाला आमच्याकडे यायचे, जेवायला बाजारात जायचे. मला वाटायचं, पुतण्या असेल. म्हातारीला त्रास नको म्हणून बाहेर जेवत असेल.

एका दुपारी आम्ही दोघी डिंक तळत होतो. कढईत डिंक फुलत होता आणि काकूजी झारा घेऊन बसल्या होत्या. मी सहज म्हटलं, "तुमचे पुतणे फार अबोल आहेत."

"पुतण्या नाही," त्या म्हणाल्या. "पोटचा आहे. मधू."

त्यांनी कढई खाली उतरवली आणि मग एका दमात सांगितलं. माझ्याकडे न बघता.

"नलू माझी सून. ग्वाल्हेरची. तिला आई नव्हती, म्हणून बाळंतपण इथं केलं. गौरी झाली. सगळं छान चाललेलं. एक दिवस म्हणाली, आई, डावी पोटरी दुखतेय. मी म्हटलं, वात धरलाय, बाळंतिणीला धरतोच. खोली अंधारी, बाजेखाली शेगडी. पाय हातात घेतला तर गरम लागला. मला वाटलं, शेगडीने तापलाय. शेगडीचंच वाटणार ना गं? आमच्यात सगळ्यांना तेच वाटलं असतं. आणि चोळला. कसून चोळला. ती म्हणत होती, बरं वाटतंय आई, अजून जरा. मी अजून जरा चोळला. मग ती न्हाणीकडे जायला उठली आणि उंबऱ्यातच बसली. म्हणाली, आई, श्वास. एवढंच म्हणाली."

डिंक थंड होत होता. त्यांनी एक खडा उचलून बोटांनी चुरला.

"पायात रक्ताची गाठ झाली होती. ती वर गेली. डॉक्टरीणबाईंनी मधूच्या समोर विचारलं, पायाला मालिश केली होती का? मी म्हटलं, हो, मी केली. त्या दिवसापासून त्याने मला आई म्हटलं नाही. भांडला नाही, शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. येतो, विचारपूस करतो, सगळ्या मोहल्ल्यासारखं काकूजी म्हणतो. माझ्या हातचं पाणी घेत नाही. पोरगी खाते, तिला अडवत नाही, एवढे त्याचे उपकार."

"आणि तरी तुम्ही मालिश..."

"सोडली होती. हात मांडीखाली घालून बसायचे. मग एक दिवस उठून डॉक्टरीणबाईंकडे गेले. म्हटलं, मला कळलं कसं असतं, तेवढं सांगा. त्यांनी बसवून सांगितलं. एक पाय सुजतो, तापतो, लाल होतो. टेपने दोन्ही पाय मोजा. फरक दिसला की हात लावायचा नाही, उचलून आणायचं. फरक नसला आणि दुखत असलं तरी आणायचं. आता टेप काढली तर सासवा म्हणणार, ही काय ब्लाउज शिवायला आलीय? दोरा काढला की हात जोडतात. भीतीला लोक दार लावतात गं, तोटक्याला उघडतात."

मी त्यांचा हात धरला. त्या म्हणाल्या, "मला त्याने माफ नको करू दे. एकदा आई म्हणू दे. मग मी मोकळी." आणि लगेच झारा उचलून माझ्यावर ओरडल्या, डिंक गार झाला म्हणून.

वर्षं गेली. गौरी मोठी झाली, लग्न होऊन भोपाळातच राहिली. तिला वाढवणारी मावशी वारली. गौरीला दिवस गेले तेव्हा तिने बापाला सांगून टाकलं, "पापा, मैं आजी के पास जाऊँगी." मधुकररावांनी नाना सबबी सांगितल्या असतील, पण पोरगी आजीवर गेलेली. शेवटी बाप तिला घेऊन झाशीला आला.

काकूजी तोवर सत्तरी ओलांडून गेल्या होत्या. तरी घर त्यांनी लग्नघरासारखं मांडलं. तीळ स्वतः निवडून तेल काढून आणलं. लाडू, सुपारी, बाळंतशेपा, मऊ धोतराचे पट्टे. मला रोज बोलवून दाखवायच्या आणि मी रोज नव्याने बघितल्यासारखं करायचे. आपल्या नातीचं अंग त्यांना एकदा हातात घ्यायचं होतं. नलूच्या पोरीला धडधाकट करून बापाच्या हवाली करायचं होतं. हे त्या बोलल्या नाहीत, पण आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

दवाखान्यात बाळंतपण नीट झालं. मुलगा झाला. गौरी घरी आली आणि मालिशीची सकाळ उजाडली. काकूजींनी न्हाऊन ठेवणीतली साडी नेसली होती. पितळी वाटीत तेल कोमट करून ठेवलं होतं. मी बाळ घेऊन बसले होते. मधुकरराव बाहेरच्या खोलीत, पण खुर्ची अशी ओढून की आतलं दिसावं.

कपाळ पाहिलं, प्रश्न झाले. गौरी हसत म्हणाली, "सब ठीक है आजी, बस ये पैर थोड़ा भारी लगता है." काकूजींचा हात थांबला. त्यांनी दोरा काढला. उजवी पोटरी, गाठ. मग डावी. टोक गाठीपाशी पोहोचेना. त्यांनी दोरा सोडवून पुन्हा लावला. पुन्हा बोटभर कमी. मग त्यांनी उलटा हात तिच्या पोटरीवर ठेवला, आणि ठेवून तसाच राहू दिला. या घरात शेगडी नव्हती. कितीतरी वर्षांत नव्हती.

"मधू," त्यांनी हाक मारली, "टेंपो बोलव. आत्ता."

मी त्यांना त्याच्याशी अशा सुरात बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मधुकररावांनी दोरा पाहिला, आईचा चेहरा पाहिला आणि चप्पल न घालताच धावले. गौरीने विचारलं, "आजी, मालिश?"

"मालिश राहिली बिन्नू. उठू नको. पाय खाली टेकू नको." तेलाची वाटी त्यांनी उचलून लांब फळीवर ठेवली, आपल्याच हाताला पोहोचू नये अशी.

गौरीला खुर्चीत बसवून उचलून नेलं. गाठच होती. दवाखान्यातला तरुण डॉक्टर भराभरा विचारत होता आणि लिहून घेत होता. घरात आणखी कुणाला असं झालं होतं का? आईला, असं कळल्यावर तो म्हणाला, "तो ये खून में ही होगा. खानदान में चलता है." मग त्याने तोच प्रश्न विचारला, जो त्याच्या जन्माच्या आसपास कधीतरी याच गावात विचारला गेला होता. "पैर की मालिश तो नहीं की?"

काकूजींनी तोंड उघडलं. उत्तर मधुकररावांनी दिलं. "नहीं. काकूजी ने हाथ नहीं लगाया." एवढं बोलून ते औषधं आणायला निघून गेले.

बाकावर बसल्यावर मी म्हटलं, "ऐकलंत ना? रक्तातच होतं ते. नलूचं कुणाच्या हातात नव्हतं."

त्यांनी लवंग या गालातून त्या गालात केली. "रक्त तिचं असेल गं सोलापूर. हात माझे होते."

गौरी वाचली. सुया, गोळ्या आणि मालिश अजिबात नाही, अशी डॉक्टरांची ताकीद होती. प्रवासाची परवानगी मिळाली तसे मधुकरराव तिला आणि बाळाला घेऊन भोपाळला निघाले. काकूजींनी लाडवांचा डबा पुढे केला. मला वाटलं, ते नेहमीसारखे गौरीकडे बोट दाखवतील. त्यांनी डबा स्वतःच्या हातात घेतला. काकूजी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. त्यांचे ओठ हलले, आणि मग म्हणाले ते एवढंच, "येतो, काकूजी."

"हओ," काकूजी म्हणाल्या. टेंपो वळेपर्यंत दारात उभ्या होत्या. मला त्या दिवशी मधुकररावांचा मनापासून राग आला. एवढासा शब्द. माणूस कशाला तो जपून ठेवतो? पण गळ्यात अडकलेला शब्द पोटातही जात नाही आणि बाहेरही येत नाही, हे मला आता वयाने कळलंय.

त्या हिवाळ्यात काकूजींना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. जन्मभर जी जीभ कुणाच्या बापाला ऐकली नाही, ती नुसती तोंडात पडून राहिली. आम्ही शेजारणी आळीपाळीने करत होतो. पुष्पा तर रोज यायची. तिचे दोन्ही मुलगे आता मोठे होते. मधुकररावांना कळवलं, तसे ते आले आणि या खेपेला खुर्चीवर बसले नाहीत. चूल पेटवली, आईची अंथरुणं धुतली. पण बोलताना त्यांना संबोधनच सापडत नव्हतं. पाणी देऊ का, असं नुसतंच विचारायचे, पुढे नाव न लावता. आणि काकूजी डोळे मिटून घ्यायच्या.

एका सकाळी मी वाटीत मऊ खिचडी घेऊन गेले. दार उघडंच होतं. मधुकरराव आईच्या पायथ्याशी जमिनीवर बसले होते. शेजारी तीच पितळी वाटी, तेलाची. ती त्यांना फळीवर सापडली असणार. मला काही म्हणायचं होतं, पण त्यांच्या हातात पांढरा दोरा दिसला आणि मी उंबऱ्यावरच थांबले.

त्यांनी दोरा डाव्या पायाला गुंडाळला. अगदी खाली, घोट्याजवळ. कधी मोजलेलं नव्हतं ना. काकूजींचे डोळे उघडे होते. त्यांनी मान हलवली. नाही. मधुकररावांनी दोरा थोडा वर घेतला. पुन्हा नाही, आणि कपाळाला तीच जुनी आठी. मग काकूजींनी आपला चालता डावा हात गोधडीतून बाहेर काढला आणि चार बोटं धरून दाखवली.

मधुकरराव बघत राहिले. मग त्यांना समजलं. गुडघ्याखाली चार बोटं मोजून त्यांनी दोरा लावला, गाठ मारली, आणि तो लुळ्या पायाकडे नेला. गाठ गाठीच्या जागी आली. त्यांनी एकदा खात्री केली, पुन्हा एकदा केली.

"सारखे आहेत, आई," ते म्हणाले.

काकूजींचा हात अजून तसाच वर होता, चार बोटं धरलेला. मधुकररावांनी तो धरून हळूच खाली ठेवला आणि तेलाची वाटी जवळ ओढली. मी खिचडी उंबऱ्यात ठेवली, वर ताट झाकलं आणि परत आले.